सरांचा गुडघा

सरांनी टाय बांधायला घेतला, तेव्हाच धाकटीची शिवण वाकडी गेली.

टाय म्हणजे सर मनापासून खूश. एरवी सुट्टीच्या दिवशी बनियनवर संध्याकाळ करणारा हा माणूस आज जेवणं व्हायच्या आत आरशासमोर उभा होता. गाठ जमेना तेव्हा त्यांनी हाक मारली. धाकटी शिलाई मशिनवरून उठून आली आणि तिने ती बांधून दिली.

“घट्ट झाली का?”

“असू दे. रुबाब दिसतो,” सर म्हणाले.

धाकटी म्हणजे सरांची बायको, आणि हे नाव सासूने ठेवलेलं. सासू गेली, हिची पन्नाशी उलटली, चष्म्याशिवाय सुईत दोरा जाईना, तरी या घरात ती धाकटीच राहिली. तसेच सर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले त्या दिवसापासून घरीदारी सर, आणि त्यांची स्वतःचीही त्याला कधी हरकत दिसली नाही.

आज पाच वाजता कॉलेजातले झाडून सगळे प्राध्यापक आपापल्या घरून पडद्यावर जमणार होते, आणि ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी नेमके कशाने समाधानी होतात हे सर त्यांना सांगणार होते. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी दिलेल्या मतांमध्ये सरांचा वर्ग सगळ्यांत खाली होता. इतका खाली, की प्राचार्यांनी तो बंद करायची भाषा केली होती. यंदा तोच वर्ग सगळ्यांत वर. प्राचार्यांचा फोन आला होता, की तुमचं गुपित सगळ्यांना सांगा, आणि ते पटलं तर निवृत्तीनंतरही ऑनलाइन विभाग तुम्हीच सांभाळा. सर तेव्हापासून हवेत होते.

अडचण एवढीच होती की गुपित सरांना माहीत नव्हतं. अर्धं धाकटीला माहीत होतं आणि अर्धं अक्कांना.

दुपारी जेवायला अक्का आल्या, दादा आले. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण, इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेली, शेजारच्याच इमारतीत राहणारी, रात्रीच्या जेवणाला रोज इथेच. दादा मधले. त्यांचं दिव्यांचं दुकान. दादा आले हीच बातमी होती, कारण दुकानातल्या त्या प्रसंगापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसातर्फे, आणि ते तिसरं माणूस बहुतेक वेळा धाकटी असायची.

“धाकटे, त्याला विचार, माझा दिवा लावणार आहे का पाचला,” दादा खुर्चीवर बसता बसता म्हणाले. सर त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

“दादा विचारतायत—”

“ऐकलं. लावणार आहे म्हणावं.”

“त्याला म्हणावं, तो दिवा पाठवला नसता तर पोरांना याचं तोंड दिसलं नसतं. गेल्या वर्षी विहिरीतून बोलल्यासारखा दिसत होता. माणूस दिसला की पोरं समाधानी.”

सरांनी घास तसाच ठेवला. “धाकटे, तुला सांगतो, दिव्याचा संबंध किरकोळ आहे. मी तीन कारणं काढली आहेत. एक, मागचं पुस्तकांचं कपाट. दोन, नवा चष्मा. तीन, शिस्त. मी पहिल्या तासापासून शिस्त कडक केली.”

“कपाटातली निम्मी पुस्तकं मी दिलेली आहेत,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, ती तू स्वयंपाकाची दिलीस.”

“लांबून काय कळतं कुणाला?”

मग जो तो आपलंच घोडं दामटू लागला. दादांचं म्हणणं दिवा, सरांचं म्हणणं शिस्त. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाच्याने फोन करून आठवण दिली की इंटरनेटची जोडणी त्याच्या ओळखीने लवकर मिळाली होती, हे पाच वाजता सांगायला विसरू नका. यश आलं की त्याला नातेवाईक फार. धाकटी पोळ्या वाढत राहिली. अक्का एकदम पाण्याचा पेला उचलून प्यायल्या. दोघींची अळीमिळी गुपचिळी ठरलेली होती.

झालं होतं असं. गेल्या वर्षी तो निकाल आला तेव्हा सर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवताना बोलेनात. नव्या वर्षी त्यांनी धडे पुन्हा घरीच चित्रित केले, पण ते कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायचं काम धाकटीवर टाकलं, कारण स्वतःचं तोंड पाहत बसणं हे नटांचं काम, असं त्यांचं मत. धाकटीने पहिला धडा चढवण्याआधी पाहिला. पन्नास मिनिटांचा. पहिली बारा मिनिटं मागच्या वेळी काय झालं त्याची उजळणी. मग खोकला. मग आजकालची मुलं कशी नालायक आहेत, यावर एक मोठा तुकडा. पुढे कुठेतरी सरासरी आली, आणि ती आली तेव्हा धाकटीला झोप लागली होती.

उठल्यावर तिने ठरवलं. कपड्यात गुंतलेलं जादा कापड बेतताना काढायचंच असतं, नाहीतर माणूस बोचक्यासारखा दिसतो. तिच्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या एका मुलीकडून तिने चित्रफीत कापायची युक्ती शिकून घेतली. खोकला काढला, नालायक काढला, उजळणी काढली, आणि उरलेल्याचे नऊ-नऊ मिनिटांचे तुकडे केले, एका तुकड्यात एकच गोष्ट. सरांनी काही पाहिलंच नाही, म्हणून त्यांना काही कळलंही नाही.

अक्कांचं निराळं. धड्याखाली विद्यार्थी प्रश्न लिहीत, आणि सर ते वाचत नसत. लक्ष दिलं असतं तर प्रश्न पडलेच नसते, असं त्यांचं शास्त्र. पण किती प्रश्न आले ते कॉलेजला कळवावं लागे, म्हणून त्यांनी आपला पासवर्ड अक्कांना दिला आणि फक्त मोजायला सांगितलं. चौकशी खिडकीवर उभं आयुष्य घालवलेली बाई समोर प्रश्न घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नुसतं मोजून सोडेल कशी? अक्कांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली, सरांच्या नावाने. कुणी लिहिलं, सर, काही समजत नाही, तर अक्का लगेच लिहीत, थांबा, बघून सांगतो. आणि खरंच सांगत.

चार वाजून गेले असतील, दारावर टकटक झाली.

दारात एक पंचविशीची बाई उभी होती, इस्पितळाच्या लाँड्रीचा निळा डगला घातलेली, हातात कागदी पिशवी. धाकटीने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. अक्का जिच्याबद्दल रोज बोलत, रात्रपाळीच्या सुट्टीत मोबाइलवर शिकणारी ती लाँड्रीवाली हीच. धाकटीने अक्कांकडे पाहिलं. अक्का छताकडे पाहत होत्या.

“सर आहेत का? ड्युटीवर चालले होते. सरांनीच लिहिलं होतं, कधी या चहाला.”

“मी?” सर उठून उभे राहिले. टायसकट. “या ना, या.” विद्यार्थी घरी येण्याचा प्रसंग त्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होता, आणि आपण कधीतरी असं लिहिलंही असेल, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं असावं.

ती आत आली, वाकून नमस्कार करायला गेली आणि सरांच्या गुडघ्याकडे पाहून थांबली. “आता कसा आहे?”

“कोण?”

“गुडघा. तुम्ही लिहिलं होतं, डावा. जिना उतरताना कळ येते म्हणून.” तिने पिशवीतून मलमाची डबी काढली. “आमच्या इथल्या नर्सबाई सगळ्यांना हेच देतात. रात्री चोळायचं.”

सरांनी आपल्या डाव्या गुडघ्याकडे असं पाहिलं, जणू तो परस्पर कुठे जाऊन आला होता. “माझा गुडघा ठणठणीत आहे.”

“तुम्ही कधी तक्रारच करत नाही, ते माहीत आहे, सर. माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा तुम्ही लिहिलंत, गुडघा दुखतोय म्हणून जागाच आहे, विचारा काय ते.”

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. या घरात डावा गुडघा कुणाचा दुखतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण तो बहिणीचा गुडघा दाखवायला ते स्वतःच दोनदा डॉक्टरकडे गेले होते.

“आणि तुमचे धडे,” लाँड्रीवाली म्हणाली, कारण बोलण्याची पाळी अजून आपलीच आहे असं तिला वाटलं, “माझी सुट्टी दहा मिनिटांची. धडा नऊ मिनिटांचा. माझ्यासाठीच बेतल्यासारखा. आधी एक दुसरा ऑनलाइन वर्ग घेतला होता मी, तिथे तासभर बोलायचे, प्रश्न विचारला तर भिंतीशी बोलल्यासारखं. सोडून दिला. इथे पहिल्याच दिवशी उत्तर आलं तेव्हा म्हटलं, पलीकडे माणूस आहे.”

“माझे धडे पन्नास मिनिटांचे असतात,” सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“नऊ, सर.”

सरांनी प्रथम अक्कांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. दोघींचं पितळ एकाच वेळी उघडं पडलं होतं. सर आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

बैठकीत पळापळ झाली नाही, पण माघार मात्र सुरू झाली. “मी फक्त दिवा दिला,” दादा म्हणाले. दुपारी जेवताना सगळं यश दिव्याचं होतं. वरच्या मजल्यावरून भाच्याचा पुन्हा फोन आला, तो धाकटीने उचललाच नाही.

ती आत गेली. सर पलंगाच्या कडेवर बसले होते. टाय काढलेला, हातात.

“काय काय कापलंस?”

“खोकला.”

“आणि?”

“मुलांना नालायक म्हणालात ते.”

“आणि?”

“मागच्या वेळी काय झालं ते.”

“म्हणजे ठेवलंस काय?”

“चांगलं होतं ते सगळं ठेवलं,” धाकटी म्हणाली. “धागासुद्धा टाकला नाही.”

सर टाय बोटांना गुंडाळत राहिले. “आणि ही दुसरी माझ्या नावाने गुडघे चोळून घेते. मग मी कोण? नुसता आयत्या बिळावरचा नागोबा. सांगायचं होतंस मला.”

“सांगितलं होतं. गेल्या वर्षीच. म्हटलं, जरा लांबतंय. तुम्ही म्हणालात, शिवणं आणि शिकवणं यात फरक असतो.”

हे सरांना आठवलं. त्यांची मान खाली गेली. धाकटीला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं म्हणून ती काहीच न करता पलंगाशी उभी राहिली.

“पाचला मी बोलणार नाही,” सर म्हणाले. “काय बोलू? कपाट आणि चष्मा? कळव प्राचार्यांना. विभाग नको नि काही नको. आणि दादाला सांग, हसून घे म्हणावं पोटभर.”

“धाकटे, त्याला सांग,” दारापलीकडून दादांचा आवाज आला, “कुणी हसत नाहीये.”

ते ऐकत होते तर. धाकटीने दार थोडं उघडलं. बैठकीत लाँड्रीवाली अवघडून उठायच्या बेतात होती आणि अक्का तिचा हात धरून तिला बसवत होत्या.

“अगं, बस. राग तुझ्यावर नाही. उत्तरं मी लिहायचे.”

“तुम्ही संख्याशास्त्र शिकलात?”

“मी? मला पाव किलो आणि अर्धा किलो कळतो. मी रोज रात्री जेवताना त्याला विचारायचे. अरे, हे सरासरी नि मध्यक वेगळं कसं? की तो हातातला घास ठेवून सांगणार. वाट्या मांडून, चमचे मांडून. त्याला वाटायचं, बहिणीला म्हातारपणी शास्त्राची गोडी लागली. इतकं छान सांगायचा. मी घरी जाऊन तेच टंकायचे. शब्द त्याचे, बोटं माझी.”

“आणि गुडघा?”

“तो तेवढा माझा.”

आत सर ऐकत होते. टाय गुंडाळायचा थांबला होता.

“मग मला एक अडलंय,” लाँड्रीवाली म्हणाली. “प्रमाण विचलन. सूत्र पाठ आहे, पण ते आहे काय?”

अक्का अडचणीत आल्या. रात्रीचं जेवण अजून लांब होतं. पण खिडकीवरच्या माणसाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही हा त्यांचा बाणा. “प्रमाण विचलन म्हणजे बघ,” त्या म्हणाल्या, “सरासरी काढताना आपली किती चूक झाली, ते मोजायचं.”

“साफ चूक,” आतून सर म्हणाले.

“मग काय ते तूच सांग.”

अपमान झालेला माणूस रात्रभर खोलीत बसू शकतो. चुकीचं उत्तर ऐकलेला मास्तर मिनिटभरही बसू शकत नाही. सर बाहेर आले, टाय खिशात कोंबलेला, आणि इकडेतिकडे पाहू लागले. वाट्या आत होत्या. धाकटीने शिलाई मशिनवरचा बटणांचा डबा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी टेबलावर एक काळं बटण ठेवलं. त्याला चिकटून दोन्ही बाजूंना पांढरी बटणं मांडली. खाली तसंच आणखी एक काळं बटण, पण पांढरी बटणं दूर दूर, एक तर टेबलाच्या पार काठाशी.

“मधलं बटण दोन्हीकडे तेच. ती सरासरी. मग फरक कशात आहे?” त्यांनी लाँड्रीवालीला विचारलं.

ती वाकून पाहत राहिली. “खालची पांगलीत.”

“बस. ती किती पांगली, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. चूकबीक काही नाही. नाव मोठं, लक्षण एवढंच.” मग त्यांचं लक्ष काठावरच्या बटणाकडे गेलं आणि ते थांबले. “सरासरी समाधान चांगलं आलं, म्हणून मी नाचत होतो. काठावरच्या या एकट्याचं काय चाललंय, हे विचारणारी मात्र अक्का होती.”

अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि मग गुडघ्याला हात लावला, म्हणजे रडू कशाचं हे कळू नये.

घड्याळात पाच वाजत आले होते. धाकटीने लॅपटॉपकडे पाहिलं. तो तिकडे कपाटासमोर, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला. वर्षभर तिने या माणसाला न विचारता कात्री चालवली होती. आज विचारायला हवं होतं.

“अहो, तो इकडे फिरवू का?”

सरांनी स्वतःकडे पाहिलं. टाय नाही, टेबलावर बटणांचा पसारा, शेजारी मलमाची डबी.

“फिरव,” ते म्हणाले.

दादांनी न सांगता दिवा उचलून आणला. पडद्यावर एकेक चेहरा उगवू लागला. प्राचार्यांनी कौतुकाचे दोन शब्द बोलून सरांना त्यांचं गुपित विचारलं.

“गुपित माझं नाही,” सर म्हणाले, आणि खोकले. “मी पन्नास मिनिटं बोलत होतो, ते माझ्या बायकोने नऊवर आणलं. मी उत्तरं देत नव्हतो, ती माझ्या बहिणीने दिली. मी फक्त रात्री जेवताना शिकवत होतो, ते मला आज कळलं. कुणीतरी समोर बसून विचारलं की मला बरं शिकवता येतं. कुणी विचारलं नाही, की मी रागावतो. तेव्हा आज मी भाषण करणार नाही. विचारा काय ते.”

पडद्यावर शांतता पसरली. प्राध्यापकांना विचारायची सवय असते, स्वतः अडून विचारायची नसते. प्राचार्य नुसते चष्मा पुसत होते. विभाग गेला, धाकटीला वाटलं, आणि तिला त्याचं काही वाटेना, फक्त ही शांतता कुणीतरी मोडावी असं वाटलं.

“मला विचारायचंय,” दादा म्हणाले.

ते दिवा हातात धरूनच उभे होते. धाकटीला दुकानातला तो दिवस आठवला. चार वर्षांपूर्वी, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सर असेच दिव्यापाशी उभे होते. हा दिवा दोन वर्षं टिकेल असं दादा गिऱ्हाइकाला सांगत होते, आणि सरांनी मध्येच विचारलं होतं, कशावरून, किती दिवे मोजलेस? मग पाऊण तास दादांच्या अडाणीपणावर व्याख्यान. गिऱ्हाइकं निघून गेली, आणि दोघांचं बोलणंही.

“धाकटे, याला विचार,” दादा सवयीने म्हणाले. मग थांबले. दिवा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला आणि भावाकडे पाहिलं. “दिवा दोन वर्षं टिकतो, असं मला खात्रीने म्हणायचं असेल, तर मी किती दिवे मोजायला हवेत रे?”

सगळे पडद्यावरचे चेहरे वाट पाहत होते. सरांनी पायाने शेजारची खुर्ची ओढली.

“बस आधी. तू आत्ता कसं मोजतोस?”

“दुकानात लावून ठेवतो. लिहून ठेवतो कधी गेला ते.”

“किती?”

दादा जरा अवघडले. “नऊ.”

धाकटीने सरांकडे पाहिलं. नऊ दिव्यांवर सर सहज तासभर बोलू शकले असते, आणि आज कापायला ती मध्ये नव्हती. सरांनी डब्यातून नऊ बटणं मोजून काढली आणि ती दादांच्या पुढ्यात ओळीने मांडली.

“नऊ वाईट नाहीत, दादा,” ते म्हणाले. “तू मोजतोस हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पण अजून थोडे लागतील.”

दादांनी बटणांकडे पाहिलं. “किती पाठवू?” त्यांनी सरांनाच विचारलं.